प्लेटिंगच्या टाकीतून हवेत किती जातं, त्याचा हिशोब

गेल्या सप्टेंबरात भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या हार्ड क्रोमच्या, म्हणजे यंत्राच्या भागांवर विजेनं क्रोमचा जाड थर चढवणाऱ्या, शेडमध्ये बसले होते. मालकांच्या पुढ्यात पर्यावरण विवरणपत्राचा फॉर्म. तो दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यायचा असतो. पाण्याचे रकाने भरून झाले होते, कारण पाण्याला मीटर आहे आणि ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला, रोजची वही आहे. हवेच्या रकान्यापाशी आल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, दिवसाला किती वजन हवेत गेलं असं विचारतायत. हवा काय काट्यावर ठेवून मोजू? गेल्या वर्षी कोणीतरी एक आकडा टाकला होता, तोच टाकू का?"

मी उठले, हातमोजे आणि मास्क चढवला, त्यांच्या प्रिंटरमधला एक कोरा कागद घेतला आणि चालू टाकीच्या काठापासून वीतभर उंचीवर आडवा धरला. (उघड्या हातानं हे कोणी करू नये.) मिनिटभरानं कागद उलटा करून दाखवला. त्यावर पिवळसर-नारिंगी ठिपके पडले होते, मोहरीहून कितीतरी बारीक, शेकड्यांनी. प्रत्येक ठिपका म्हणजे टाकीतल्या क्रोमिक अ‍ॅसिडचा एक थेंब. कागद मध्ये नसता तर तो वर गेला असता.

हा हिशोब काट्याशिवायही करता येतो. त्याला अंदाज म्हणतात, पण तो अंदाजपंचे दाहोदरसे नसतो. टाकीतून द्रव्य हवेत जायला ढकलणारी काहीतरी गोष्ट लागते. कुठे ती गोष्ट म्हणजे बुडबुडा असतो, कुठे वाफ, कुठे आम्ल आणि धातूची प्रत्यक्ष झटापट. आधी ते ओळखायचं. ते ओळखलं की आकडा कोणत्या वहीत सापडेल तेही कळतं. चुकीची वही उघडली तर कितीही काटेकोर गणित केलं तरी उत्तर चुकतंच, आणि माझ्या पाहण्यातले बहुतेक फॉर्म इथेच चुकलेले असतात.

क्रोमपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त काळजी तिथेच घ्यायला हवी.

शॉकअपचा दांडा किंवा हायड्रॉलिकचा रॉड क्रोमच्या टाकीत सोडतात. टाकीत लिटरला साधारण २५० ग्रॅम क्रोमिक अ‍ॅसिड आणि त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकं सल्फ्युरिक असतं; तापमान ५०-५५ अंशांच्या आसपास. टाकीला वीज पुरवणारा रेक्टिफायर चालू केला की प्रवाह दांड्यावर क्रोम चढवू लागतो. पण क्रोमची टाकी या बाबतीत फार उधळी. शंभर अँपिअरमधले दहा ते वीसच क्रोम चढवण्याच्या कामी येतात. बाकीचे पाणी फोडण्यात जातात. दांड्यावर हायड्रोजन सुटतो आणि समोरच्या शिशाच्या अ‍ॅनोडवर ऑक्सिजन.

किती सुटतो? एक अँपिअर-तास पूर्णपणे पाणी फोडण्यात गेला तर सुमारे ४५० मिलिलिटर हायड्रोजन आणि त्याच्या निम्मा ऑक्सिजन तयार होतो. त्या शेडमधल्या टाकीवर सरासरी २,००० अँपिअर चालतात. एफिशियन्सी, म्हणजे क्रोम चढवण्याच्या कामी येणारा प्रवाहाचा हिस्सा, १५ टक्के धरली तर तासाला सुमारे ७७५ लिटर हायड्रोजन आणि साडेचारशे लिटर ऑक्सिजन. म्हणजे इमारतीच्या गच्चीवर असते त्या हजार लिटरच्या काळ्या टाकीत मावणार नाही इतका वायू दर तासाला बुडबुड्यांच्या रूपानं त्या द्रावणातून वर येऊन फुटतो.

गोटी सोड्याचा ग्लास तोंडाशी नेला की नाकाला बारीक तुषार लागतात, ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय. फुटणारा बुडबुडा आपल्याबरोबर द्रवाचे कण उडवतो. इथेही तेच घडतं, फक्त सोड्याच्या जागी क्रोमिक आम्लातलं सहा-संयुजी क्रोमियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ते माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलंय. फुप्फुसाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध पक्का आहे. त्याआधी नाक जातं. या शेडमधले जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांच्या नाकाच्या पडद्याला भोक आहे. ते इथलं नाही, पंचवीस वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या एका ठिकाणचं. तिथे ना एक्झॉस्ट होता ना मास्क. मामा ते कौतुकानं सांगत नाहीत आणि तक्रारही करत नाहीत. मला मात्र कुठल्याही क्रोमच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की ते आठवतं, आणि हवेच्या रकान्यात गेल्या वर्षीचाच आकडा उतरवलेला पाहिला की राग येतो.

तर क्रोम हवेत उडतं ते बुडबुड्यांमुळे, आणि बुडबुडे येतात प्रवाहामुळे. म्हणून इथे टाकीची लांबी-रुंदी किंवा शिफ्टचे तास हाताशी धरून फारसं काही कळत नाही. अँपिअर-तास धरायचे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं कारखान्यांतल्या प्रत्यक्ष चाचण्यांवरून काढलेले गुणांक 'एपी-४२' नावाच्या संग्रहात दिलेत. काहीही नियंत्रण नसलेल्या हार्ड क्रोमच्या टाकीसाठी तिथला आकडा आहे अँपिअर-तासाला ०.१२ ग्रेन क्रोमियम. ग्रेन हे जुनं माप, ६४.८ मिलिग्रॅमचं. म्हणजे अँपिअर-तासाला ७.८ मिलिग्रॅम. शोभेच्या क्रोमला, म्हणजे नळ-हँडलवरच्या पातळ चमकत्या थराला, प्रवाहाची घनता बरीच कमी असते. तिथे हाच आकडा ०.०३३ ग्रेन, सुमारे २.१ मिलिग्रॅम आहे.

मालकांच्या टाकीला हा आकडा लावला. २,००० अँपिअर, दिवसाला १० तास, वर्षाला ३०० दिवस: साठ लाख अँपिअर-तास. गुणिले ७.८ मिलिग्रॅम. उत्तर सुमारे ४७ किलो क्रोमियम, वर्षाला. हे टाकीच्या तोंडापाशी. एक्झॉस्टनं खेचलेली हवा पाण्यानं धुणाऱ्या स्क्रबरचा हिशोब अजून व्हायचाय. मालक म्हणाले, "एवढं? शक्यच नाही." त्यांना दुसऱ्या बाजूनं दाखवलं. तासाला होतात साडेपंधरा ग्रॅम क्रोमियम. टाकीतल्या लिटरभर द्रावणात क्रोमियम असतं १३० ग्रॅम. म्हणजे तासाला जेमतेम १२० मिलिलिटर द्रावण उडतं. एक कटिंग चहा. पाच-सहा हजार लिटरच्या टाकीतून तासाला एक कटिंग कमी झाला तर कोणाच्या लक्षात येणार?

आणि आणखी एक तुलना, जी मला स्वतःला पहिल्यांदा कळली तेव्हा मी हिशोब तीनदा तपासला होता. १५ टक्के एफिशियन्सीला एका अँपिअर-तासात दांड्यावर चढतं साधारण ४८ मिलिग्रॅम क्रोम. हवेकडे निघतं ७.८. म्हणजे दांड्यावर सहा ग्रॅम चढले की एक ग्रॅम हवेच्या वाटेला लागलेला असतो.

गुणांक ही सरासरी असते. तुमची टाकी त्याहून दुपटीनं वाईट असेल किंवा निम्म्यानं बरी असेल. द्रावणाची पातळी, तापमान, टाकी भरलेली आहे की काठाखाली बरीच मोकळी जागा आहे, या सगळ्यानं फरक पडतो. तरीही ही सरासरी प्रवाहाशी बांधलेली आहे, आणि प्रवाह ही गोष्ट तुमच्याकडे मोजलेली असते किंवा असायला हवी. रेक्टिफायरच्या पाटीवर ३,००० अँपिअर लिहिलंय म्हणून ३,००० गुणिले २४ तास असं करू नका. जॉब, म्हणजे क्रोम चढवायचा भाग, टाकीत असताना काटा कुठे होता ते बघा. अँपिअर-तासाचा मीटर बसवला तर उत्तमच. नसेल तर जॉबच्या वहीत एक रकाना वाढवा: ४५ मिनिटं, १,८०० अँपिअर, म्हणजे १,३५० अँपिअर-तास. महिन्याखेर बेरीज.

इथे मालकांनी विचारलं, आणि हा प्रश्न नेहमी येतो: "क्रोमिक अ‍ॅसिडची खरेदी माहितीय, जॉबवर किती चढलं तेही काढता येतं. वजाबाकी केली की हवेतलं नाही का मिळणार?"

नाही मिळणार. का, ते आकड्यांनीच सांगते. साठ लाख अँपिअर-तास शंभर टक्के एफिशियन्सीनं वापरले गेले असते तर १,९४० किलो क्रोम चढलं असतं. १५ टक्क्यांनी चढतं २९१ किलो. पण एफिशियन्सी १५ आहे की १६, हे छातीठोकपणे कोण सांगणार? त्या एका टक्क्यात १९ किलो इकडचे तिकडे होतात. शिवाय जॉब वर काढताना अंगाला चिकटून रिन्सच्या पाण्यात जाणारं द्रावण, ज्याला ड्रॅग-आउट म्हणतात, ते आणखी मोठं असतं. गाळातही क्रोम जातं. मोठमोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून ४७ किलो शोधायचे म्हणजे हत्ती आणि माहूत एकत्र तोलायचे, मग नुसता हत्ती तोलायचा, आणि फरकावरून माहुताच्या पागोट्याचं वजन सांगायचं. खरेदी-विक्रीची वही दुसऱ्या एका टाकीला फार छान लागू पडते. तिच्याकडे येतेच.

क्रोमची ही उधळण टाकीतच कमी करता येते, म्हणून थोडं थांबते. बुडबुडा फुटताना थेंब किती जोरानं उडेल हे द्रवाच्या पृष्ठताणावर अवलंबून असतं. पाण्याचा पृष्ठताण सेंटीमीटरला सुमारे ७२ डाइन. टाकीत फ्यूम सप्रेसंट घालून तो चाळीसच्या खाली आणला की थेंब उडणं प्रचंड कमी होतं. अमेरिकेच्या नियमात १९९५ साली ही मर्यादा ४५ होती, २०१२ च्या दुरुस्तीत काचेच्या नळीनं मोजलं तर ४० झाली. ती नळी, स्टॅलॅग्मोमीटर, म्हणजे साधी गोष्ट आहे: दोन खुणांच्या मधलं द्रावण थेंबाथेंबानं पडू द्यायचं आणि थेंब मोजायचे. पृष्ठताण कमी तितके थेंब बारीक आणि संख्येनं जास्त. शाळेतल्या मुलालाही जमेल.

सप्रेसंट निवडताना एक गोष्ट मात्र डब्यावर वाचूनच घ्या. जुन्या सप्रेसंटमध्ये पीएफओएस नावाचं रसायन असायचं. ते निसर्गात विरत नाही. २००९ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या यादीत आलं आणि अमेरिकेनं २०१२ च्या त्याच नियमात क्रोमच्या टाकीतून ते हद्दपार करायला लावलं. हवा वाचवण्यासाठी पवना-इंद्रायणीत कायमचं राहणारं काहीतरी सोडणं मला पटत नाही. पृष्ठभागावर तरंगणारे पॉलिप्रॉपिलीनचे गोळेही उपयोगी पडतात, पण जिग, म्हणजे जॉब टांगायचा सांगाडा, खाली सोडताना ते बाजूला सरतात आणि नेमका तिथेच वायू सर्वांत जोरात येत असतो. फेसाचा जाड थर ठेवणारी सप्रेसंट वापरत असाल तर त्या फेसाखाली हायड्रोजन साठतो, जिगच्या संपर्कात ठिणगी पडली की स्फोटाचा आवाज येतो, हेही लक्षात असू द्या.

निकेलची टाकी याच्या अगदी उलट स्वभावाची. एफिशियन्सी ९५ टक्क्यांच्या घरात आणि अ‍ॅनोड स्वतः विरघळणारा, त्यामुळे ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. त्याच अँपिअर-तासाला क्रोमच्या सुमारे सत्तावीसाव्या हिश्शाइतकाच वायू सुटतो. पण निकेलच्या टाकीत खालून ब्लोअरनं हवा सोडून द्रावण ढवळत असतील तर ते बुडबुडेही बुडबुडेच. तेव्हा प्रवाहाचा हिशोब अपुरा पडतो. अ‍ॅनोडायझिंगलाही, म्हणजे अॅल्युमिनियमवर विजेनं ऑक्साइडचा थर चढवण्यालाही, हीच सूचना. आणि झिंकचा थर चढवल्यावर तो टिकावा म्हणून करतात त्या पिवळ्या पॅसिव्हेशनच्या टाकीत सहा-संयुजी क्रोमियम असलं तरी तिथे वीज नाही, गरम करणं नाही. हवेच्या हिशोबात ती जवळपास गप्प असते. क्रोमचं नाव दिसलं की सगळ्या टाक्यांना एकच गुणांक लावणारे फॉर्म मी पाहिलेत. टाकीत काय भरलंय एवढ्यावर जाऊ नये, ते बाहेर कोण ढकलतंय तेही बघावं.

आता पिकलिंग. गंज काढायची हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची टाकी. इथे वीज नाही. इथे वाफ आहे. पिकलिंगच्या टाकीवरचा पत्रा इतरांच्या आधी का सडतो हे शेडमध्ये काम करणाऱ्या कोणालाही विचारा.

समजा अ‍ॅसिड २० टक्क्यांचं आहे, द्रावणाचं तापमान ३० अंश, आणि टाकीचं उघडं तोंड दोन मीटर बाय एक मीटर. या ताकदीच्या आणि तापमानाच्या अ‍ॅसिडला अगदी चिकटून असलेल्या हवेत दर घनमीटरला साधारण ०.९३ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड असतं. हे बाष्पदाबाच्या तक्त्यावरून निघतं. ती हवा किती वेगानं उठून जाते? शांत शेडमध्ये पाण्याच्या वाफेसाठी हा वेग सेकंदाला ०.८३ सेंटीमीटर धरतात. हायड्रोजन क्लोराइडचा रेणू जड, म्हणून त्याला सुमारे ०.६६ सेंटीमीटर. तासाला होतात जवळपास २४ मीटर. म्हणजे दोन चौरस मीटरच्या तोंडातून तासाला ४७ घनमीटर हवा ०.९३ ग्रॅमच्या हिशोबानं निघाली असं समजा. तासाला ४४ ग्रॅमच्या आसपास.

आणि टाकीला रात्र नसते. क्रोमचा रेक्टिफायर बंद केला की बुडबुडे थांबतात, पण अ‍ॅसिड संध्याकाळी सातनंतरही उडत राहतं, रविवारी उडतं, गणपतीच्या सुट्टीतही उडतं. ४४ ग्रॅम गुणिले वर्षाचे ८,७६० तास: सुमारे ३८५ किलो. मालकांच्या जुन्या फॉर्ममध्ये फक्त शिफ्टचे तास धरले होते, म्हणून तो आकडा निम्म्याहून कमी निघाला होता. रात्री नुसतं झाकण टाकलं तरी यातला मोठा भाग वाचतो. मी झाकणाची शिफारस करते तेव्हा लोकांना ती फारच साधी वाटते, पण या टाकीपुरतं त्याहून स्वस्त काहीही नाही.

ताकद वाढली की काय होतं ते पाहा. अ‍ॅसिड २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेलं तर दीडपट वाफ होईल असं वाटतं. प्रत्यक्षात त्यावरचा हायड्रोजन क्लोराइडचा दाब चाळीस-पन्नासपटीच्या घरात जातो. बाजारातून येणारं अ‍ॅसिड तीस टक्क्यांच्या वरच असतं. म्हणून कारबा ओतायच्या त्या दहा मिनिटांत डोळे चुरचुरतात, आणि म्हणूनच आधी टाकीत पाणी घेऊन त्यात पाइपनं खालून अ‍ॅसिड सोडायचं असतं. तापमानाचंही तसंच: दर दहा अंशांना दाब दुपटीच्या वर जातो. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा द्रावणात थर्मामीटर बुडवा आणि तेच तापमान हिशोबात घ्या. हवामान खात्याचा आकडा नको. भर उन्हाळ्यात कामगारांना वारा लागावा म्हणून पिकलिंगशेजारी लावलेला पंखाही वाफेला मदत करतो. आणि गंज संपून अ‍ॅसिड लोखंडालाच खायला लागलं की हायड्रोजनचे बुडबुडे येतात, थेंब उडतात; अशा वेळी वरचं वाफेचं गणित कमी पडतं. लोखंडाला वाचवणारं इनहिबिटर घातलेलं असेल तर हे टळतं.

तिसऱ्या प्रकारात रसायनक्रियाच वायू बनवते. पितळ किंवा तांबं चमकवायला नायट्रिक अ‍ॅसिडात बुडवलं की तांबूस-तपकिरी धूर निघतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड. इथे विरघळलेला धातू तोलायचा. दहा जॉब बुडवण्याआधी तोला, नंतर तोला. तीव्र अ‍ॅसिडात एक किलो तांबं विरघळलं तर जास्तीत जास्त १.४५ किलो नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. सौम्य अ‍ॅसिडात तो अर्ध्या किलोच्या आसपास येतो. जॉबला दोन ग्रॅम तांबं जात असेल आणि दिवसाला पाचशे जॉब असतील तर तो एक किलो झालाच. कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांडी घडवली जायची आणि घरोघरी ती चिंचेनं घासली जायची; चिंचेतलं आम्ल वरचा काळा थर काढतं आणि धूर म्हणून काही सोडत नाही. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकायचा तेव्हा उठणारा पांढरा धूर मात्र लहानपणापासून डोळ्यांसमोर आहे. त्याचाही हिशोब हवा असेल तर नवसागराची पुडी तोलली की झालं, कारण टाकलेल्यातला बहुतेक त्या धुरात जातो.

याच पुडीच्या हिशोबाचं मोठं भावंड म्हणजे डिग्रीझिंगची, म्हणजे तेल काढायची, टाकी. ट्रायक्लोरोइथिलीनच्या वाफेत तेलकट जॉब धुतात. ट्रायक्लो जॉबवर चढत नाही, कशात रूपांतरित होत नाही. तेलाच्या गाळाबरोबर थोडं जातं आणि उरलेलं हवेत जातं. तिसरी वाट जवळजवळ नाही. म्हणून मघाशी क्रोमला नाकारलेली वजाबाकी इथे अचूक बसते. वर्षाच्या सुरुवातीला शंभर किलो शिल्लक, वर्षभरात खरेदी नऊशे, शेवटी शिल्लक ऐंशी: वापरलं ९२० किलो. रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला पाठवलेला गाळ पावतीप्रमाणे २०० किलो, तपासणीत त्यात ४० टक्के ट्रायक्लो, म्हणजे ८० किलो. उरले ८४० किलो. ते हवेत गेले. ट्रायक्लोही कर्करोगकारकांच्या पहिल्या गटातच आहे, त्यामुळे हा आकडा मोठा दिसला की बऱ्याच जणांना तो फॉर्ममध्ये लिहायचा धीर होत नाही. लिहायला हवा. शिवाय तो आकडा म्हणजे तुम्ही विकत घेतलेला आणि हवेत सोडलेला माल आहे. खर्चाच्या बाजूनंही त्याकडे बघा.

आता परत क्रोमच्या ४७ किलोंकडे. "आमच्याकडे स्क्रबर आहे, नव्व्याण्णव टक्क्यांचा," मालक म्हणाले. बरोबर. पण स्क्रबर जे त्याच्यापर्यंत पोचतं तेवढंच धुतो. टाकीच्या काठावरच्या फटीतून एक्झॉस्ट किती खेचतो, ही पकड वेगळी मोजावी लागते. पकड ९० टक्के धरू. ४७ पैकी ४२.३ किलो डक्टमध्ये गेले. त्यातले ९९ टक्के स्क्रबरच्या पाण्यात. चिमणीतून बाहेर पडले ०.४२ किलो. आणि एक्झॉस्टला न सापडलेले? ४.७ किलो. ते शेडमध्ये, खिडक्यांतून, दारातून. चिमणीच्या अकरापट. सगळे चिमणी मोजतात, आणि मामांच्या नाकापुढून जाणारं कोणी मोजत नाही.

४.७ किलो वर्षाला म्हणजे कामाच्या तासाला दीड ग्रॅम. अमेरिकेत कामगारांच्या हवेतल्या सहा-संयुजी क्रोमियमची मर्यादा २००६ पासून घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. दीड ग्रॅम त्या मर्यादेपर्यंत पातळ करायला तासाला तीन लाख घनमीटर हवा लागेल. बरेचसे जड थेंब जवळच खाली पडतात, जमिनीवर नि तुळयांवर ते पिवळे डाग दिसतात, ते वजा केलं तरी आकडा गप्प बसू देत नाही.

चिमणीच्या बाजूलाही एक पडताळणी करून घेतली. त्यांचा ब्लोअर तासाला साधारण ६,००० घनमीटर हवा खेचतो. ०.४२ किलो भागिले ३,००० तास, भागिले ६,०००: घनमीटरला सुमारे ०.०२३ मिलिग्रॅम. अमेरिकेत लहान, जुन्या हार्ड क्रोम कारखान्यांना २०१२ पासून ०.०१५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे नव्व्याण्णव टक्केही तिथे पुरले नसते. जाळ्यांचे थर असलेला मिस्ट एलिमिनेटर लागला असता. चिमणीची चाचणी झाली की प्रयोगशाळेच्या अहवालातही हेच दोन आकडे बघा, मिलिग्रॅम दर घनमीटर आणि तासाची हवा. नुसते मिलिग्रॅम पुरेसे नाहीत, कारण डक्टमध्ये कुठे फट पडून जादा हवा आत आली तर मिलिग्रॅम कमी दिसतात आणि किलो तेवढेच राहतात. फॉर्ममध्ये दिवसाचं वजन आणि तीव्रता, दोन्ही विचारतात, ते यासाठीच.

राहिली ती ९० टक्क्यांची पकड. ती मी गृहीत धरली होती, आणि गृहीत धरलेलं तपासायला हवं. रेक्टिफायर बंद करायला लावला. हायड्रोजन पूर्ण निघून जावा म्हणून एक्झॉस्ट चालू ठेवून अर्धा तास थांबलो. चालू टाकीवर ठिणगी किंवा जळती वस्तू कधीही न्यायची नाही. मग मामांनी देव्हाऱ्यातली उदबत्ती आणून पेटवली आणि मी ती टाकीच्या काठावरून सावकाश फिरवली. फटीच्या बाजूला धूर सरळ आत ओढला जात होता. मधोमधही वाकून तिकडेच जात होता. टाकी सव्वा मीटर रुंद. पलीकडच्या काठाशी मात्र धुराची रेघ थरथरली, आणि उलटी वळून दाराकडे निघाली.

मामांनी मागे वळून पाहिलं. कोपऱ्यात उभा पंखा होता, त्याचं तोंड टाकीकडे. त्यांनी जाऊन तो बंद केला. उदबत्तीचा धूर क्षणभर सरळ वर गेला, मग हळूहळू वळला आणि फटीत शिरला.

पंखा त्याच दिवशी पॅकिंगच्या टेबलाकडे हलवला. त्या वर्षीच्या फॉर्ममध्ये आम्ही पकड ८० टक्के लिहिली, निसटलेलं क्रोमियम ९.४ किलो, आणि हिशोबाचं पान सोबत जोडलं, कारण वर्षभर तो पंखा तिथेच होता.